तळवेही दाखवा

बायकोनं तिच्या मामांसाठी ‘स्किन चेक’ची वेळ घेऊन टाकली आणि आमच्या ब्रिस्बेनच्या घरात वाद पेटला. मामा, म्हणजे माझे मामेसासरे, वर्धा जिल्ह्यात आरोग्य खात्यात कुष्ठरोगाचे अवैद्यकीय सहायक होते. आधी सायकलवर, मग लुनावर खेडोपाडी हिंडून नोकरीभर त्यांनी एकच काम केलं : लोकांची कातडी पाहणं. अशा माणसाला ‘चला, तुमची कातडी तपासून आणू’ म्हणणं म्हणजे आचाऱ्याला खानावळीचा डबा लावून देण्यासारखं. शिवाय मामा पाहुण्याच्या व्हिसावर. इथली सरकारी मेडिकेअर योजना त्यांना लागू नाही, म्हणजे फी खिशातून. हे कळल्यावर तर ते फारच तात्त्विक झाले.

बायको इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. दोघांचं बोलणं मी समोर बसून ऐकलं. इथे देतो ते थोडं नीटनेटकं करून. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी ते मधेमधे येईल.

मामा : मला झालंय काय?

भाची : काहीच नाही. काही झालं नसतानाच करायची असते ही तपासणी.

मामा : बाप्पा! मग तिला तपासणी काहून म्हणता? पाहुणचार म्हणा.

भाची : मामा, या देशात सत्तरीपर्यंत तिघांतल्या दोघांना कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो.

मामा : त्या तिघांत आपला माणूस कुठे बसतो, ते सांग.

प्रश्न रास्त होता. मेलानोमा या कातडीच्या घातक कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांत आमचं क्वीन्सलँड राज्य मोडतं. त्याचं कारण साधं आहे. ढगाळ उत्तर युरोपातली गोरी कातडी इथल्या उन्हात येऊन वसली, आणि वर समुद्रकिनाऱ्यावर उघड्यानं लोळणं हाच इथला राष्ट्रीय छंद ठरला. 1981 साली व्हिक्टोरिया राज्यातल्या कॅन्सरविरोधी संस्थेनं टीव्हीवर एक नाचणारा सीगल पक्षी आणला : शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. तेव्हापासून पोरं ते घोकत वाढली. प्राथमिक शाळांत टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत खेळायला मिळत नाही. आमची मुलगी तिच्या आजीसारखी सावळी आहे, पण टोपी विसरली की तिलाही सावलीत बसवतात. नियमाला रंग कळत नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे.

भाची : आपल्याला धोका खूप कमी, मान्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि आपल्या रंगाच्या माणसाला झाला तर तो उशिरा सापडतो, कारण कुणी शोधतच नसतं.

मामा : बरं, करतात काय ते तरी कळू दे.

भाची : हातापायांचं नेलपेंट आदल्या दिवशी काढायचं. तोंडाला क्रीम-पावडर नको. गेल्यावर आधी प्रश्न. घरात कुणाला मेलानोमा होता का, लहानपणी उन्हानं कातडी सोलून निघाली होती का, किडनी बसवली आहे का, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का. मग, एखादा तीळ नवा आलाय का, वाढलाय का, खाजतो का, त्यातून रक्त येतं का.

मामा : शेवटचा प्रश्न कामाचा. बाकीचे वहीसाठी.

भाची : मग पडद्याआड कपडे काढायचे, आतले ठेवायचे. वर चादर देतात. एका वेळी एकच भाग उघडा करतात. केसांत भांग पाडून पाडून टाळू पाहतात, मग कानांमागे, मानेच्या घडीत, काखेत. बाई असेल तर स्तनांखाली. पाठ, पोटऱ्या, पायाच्या बोटांची बेचकी.

मामा : बाईला संकोच वाटत असेल तर?

भाची : बाई डॉक्टर मागता येते. सोबत नर्स उभी राहते, पुष्कळदा मीच. जांघेतलं किंवा गुप्त भागातलं काही असेल तर आपण सांगायचं. आपण होऊन डॉक्टर सहसा तिथे बघत नाहीत. त्यामुळे लाजून गप्प बसलं की ते राहूनच जातं.

यानंतर तिनं डर्मॅटोस्कोपचं वर्णन केलं, आणि ते ऐकताना मामांचा चेहरा प्रथमच थोडा उजळला. मुठीत मावणारं भिंग, त्याच्या कडेला बारीक दिवे. त्यातला ध्रुवीकृत प्रकाश कातडीवरची चमक खाऊन टाकतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काळा ठिपका वाटणाऱ्या तिळाखाली रंगाची जाळी, गोळे, रेघा दिसायला लागतात. तीळ दोन्ही अंगांनी सारखा आहे का, कड फाटकी आहे का, रंग एकाहून जास्त आहेत का, सहा मिलिमीटरच्या पुढे गेलाय का, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो बदलतोय का, हे पाहतात. याखेरीज एक सोपी युक्ती असते. प्रत्येक माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एका घराण्याचे असतात. त्यांत जो एकटाच निराळा दिसतो, त्याच्यावर संशय घ्यायचा.

भाची : संशय आला तर सुई देऊन जागा बधिर करतात. गोल पात्यानं तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. मेलानोमाची शंका असेल तर बहुधा अख्खा तीळच थोड्या कडेसकट काढतात. तुकडा पॅथॉलॉजीला जातो, रिपोर्ट आठवडाभरात. उन्हानं खरखरीत झालेल्या डागांवर द्रव नायट्रोजन फवारतात. ते झोंबतं, दुसऱ्या दिवशी फोड येतो.

मामा : म्हणजे सरळ गेलेला माणूस टाका घालून परत येतो.

भाची : बहुतेक जण काहीच न होता परत येतात, मामा. ‘सगळं ठीक, हा एक तीळ तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा’ एवढंच.

मामा : आम्ही भिंग वापरलं नाही. उजेड वापरला. जावईबापू, शर्ट काढा.

सासरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मामांनी मला खिडकीशी नेलं. ऊन अंगावर थेट पडू नये, पण उजेड कडेनं यावा, असं उभं केलं. फिका चट्टा समोरच्या झगझगीत उजेडात हरवतो, तिरप्या उजेडात वर येतो, असं ते म्हणाले. मग पाठीवरून हाताची उपडी बाजू फिरवली. कानाच्या पाळ्या चिमटीत धरून पाहिल्या : जाड लागतात का. माझा हात कोपरात वाकवून आतल्या हाडामागच्या खोबणीत बोट घातलं आणि तिथली नस दोरीसारखी फिरवली. करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. ‘हे चांगलं लक्षण,’ मामा म्हणाले. कुष्ठरोगात ही नस सुतळीसारखी जाड होते.

मामा : शाळेत पोरं तपासताना चट्टा सापडला की खिशातला पेन काढायचा. आधी पोराचे डोळे उघडे ठेवून दाखवायचं, ‘हे पाय, इथं टेकवतो.’ मग डोळे मिटायला लावायचे. जिथं टोक टेकवीन तिथं बोट ठेव म्हणायचं. चांगल्या कातडीवर बोट नेमकं येतं. चट्ट्यावर टेकवून होतं, तरी पोरगं डोळे मिटून बसलेलंच. वर म्हणतं, ‘लावा ना, काका.’ तुझ्या त्या भिंगातून दिसतं का हे?

भाची : नाही दिसत. पण मामा, त्या पोराची तक्रार काय होती?

मामा : तक्रार कसली? चट्ट्याला ना खाज, ना दुखणं. त्याच्या मायलाही माहीत नसे.

भाची : म्हणजे काही झालं नसताना तुम्ही शाळाभर पोरांचे शर्ट उतरवत होता.

मामा थांबले. माझ्या मते वाद इथेच बायकोनं जिंकला होता. पण मामा सरकारी नोकरीत होते, हरलेला मुद्दा पुढच्या तारखेवर कसा ढकलायचा हे त्यांना येत होतं.

मामा : फरक आहे. मला एकच गोष्ट शोधायची होती. सापडली तर औषध हातात होतं. एमडीटी, म्हणजे अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत, देशात ज्या जिल्ह्यांत पहिल्यांदा आली, त्यांत आपलं वर्धा. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. गोळ्यांचं पान फुकट. मी कुणाला कापलं नाही. तुम्ही इथं वीस तीळ कापता, त्यातला कामाचा किती?

भाची : म्हणजे पाहण्यानं नुकसान होतं, असं तुमचं म्हणणं?

मामा : होतंच. आमचंही होत होतं. एका गावात लेकीच्या अंगावर पाचांहून जास्त चट्टे निघाले, नाव वहीत आलं, गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, सासरच्यांनी ती पाहिली. चट्टे वर्षभरात गेले, नाव गेलं नाही. पाहणाऱ्यानं आधी हे धरून चालावं की पाहणं फुकट नसतं.

भाची : मग पाहणं थांबवलं तेव्हा काय झालं, तेही सांगा. मीच सांगते, तुमच्याच तोंडून ऐकलंय. डिसेंबर 2005 मध्ये देशात रुग्ण दहा हजारी एकाच्या खाली आले म्हणून कुष्ठरोगाचं ‘दूरीकरण’ जाहीर झालं. त्या सुमारास घरोघरचं पाहणंही बंद पडलं. लोक आपण होऊन दवाखान्यात येतील, असं ठरलं.

मामा : आले. बोटं वाकडी झाल्यावर आले.

भाची : आणि 2016 मध्ये पुन्हा घरोघर शोधमोहीम काढावी लागली. मग?

मामांनी चहा मागितला.

खरं सांगायचं तर शास्त्रज्ञांतही हा वाद असाच अडकला आहे. जर्मनीनं 2008 पासून पस्तिशीच्या पुढच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी सर्वांगाच्या कातडीची तपासणी विम्यातून देऊ केली. त्याआधी श्लेसविग-होल्स्टाइन या प्रांतात 2003-04 मध्ये प्रयोग झाला होता. तिथे काही वर्षांनी मेलानोमाचे मृत्यू निम्म्यावर आलेले दिसले, सगळे हरखले, आणि पुढे ते पुन्हा पूर्वीच्या पातळीला गेले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं 2023 मध्ये सांगितलं की लक्षणं नसलेल्या माणसांची अशी सरसकट तपासणी करावी की करू नये, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. खुद्द ऑस्ट्रेलियातही, जिथे तिघांतल्या दोघांचा प्रश्न आहे तिथे, स्तनांच्या कॅन्सरसाठी आहे तसा, ठरावीक वयाच्या सगळ्यांना बोलावून घेणारा सरकारी कार्यक्रम कातडीसाठी नाही. ज्यांना धोका जास्त, त्यांनी डॉक्टरशी बोलून ठरवावं, अशी रीत आहे. म्हणून दरवर्षी सगळ्यांनी जावं हे मला पटत नाही, आणि ‘आपल्याला काय होतंय’ हे त्याहून पटत नाही. पण दोघांनी तोपर्यंत वेगळंच प्रकरण काढलं होतं.

मामा : तुझा डॉक्टर तळपाय पाहतो का?

भाची : पाहायला हवेत.

मामा : हवेत म्हणजे? पाहतो का?

भाची : पुष्कळ जण मोजे काढतच नाहीत. डॉक्टर घाईत असला तर तोही सांगत नाही. मी उभी असले तर मी काढायला लावते.

मामा : पाय म्हणजे! माणसाची कातडी पाहायची आणि पाय सोडायचे? आमच्या रोगात जखम पहिली तळव्याला व्हायची, काटा रुतून चार दिवस झाले तरी कळायचं नाही.

इथे मामा अपघातानं नेमक्या जागी पोचले. मेलानोमा भारतात फारसा होत नाही, पण जो होतो त्यातला मोठा हिस्सा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी : तळपाय, तळहात, नखाखाली, तोंड-नाकाच्या आतल्या अस्तरावर. कृष्णवर्णीयांतही तेच. गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये तो निघाला. आधी फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटलं होतं. 1981 मध्ये तो गेला, वय 36. इथल्या तपासणीचा सगळा रोख उन्हात रापलेल्या गोऱ्या पाठीवर असतो. आपल्या माणसानं तीच तपासणी जशीच्या तशी करून घेतली तर चादरीखाली पाठ दाखवेल आणि मोज्यात पाय ठेवेल.

भाची : म्हणूनच सांगते, आपण आपल्या तोंडानं म्हणायचं : तळवेही दाखवते, नखंही बघा, तोंडातही बघा.

मामा : तळव्याला भेगा असतात, कुरूप असतं, घट्टे असतात. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काय काय असतं. त्यातलं काय धरायचं?

भाची : तपकिरी-काळा डाग जो पूर्वी नव्हता आणि पसरतोय. ‘कुरूप’ म्हणून कापत राहिलात तरी न भरणारी, रक्त येणारी जागा. नखात उभी काळी रेघ आपल्याकडे पुष्कळांना असते, चार-पाच नखांत असली तर बहुधा काही नसतं. एकाच नखात असेल, रुंद होत असेल, आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर थांबायचं नाही. लागून रक्त साकळलं असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं. ही रेघ सरकून जात नाही.

मामा : आणि हे गालावरचे काळे ठिपके? चाळिशीपासून वाढतच चाललेत.

भाची : ते बारीक मस आहेत. आपल्या निम्म्या नातेवाइकांना आहेत. त्यांचं काही करायचं नसतं.

मामा : चला, एवढी फी वाचली.

मग विषय कमरेवर गेला. तो मामांनीच काढला, आणि त्यांच्या जिल्ह्याच्या अभिमानानं काढला. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची हकिगत छापली. दोघींच्या कमरेला न भरणारी जखम होती आणि तिचा कॅन्सर झाला होता. एक परकराची नाडी करकचून बांधायची. दुसरी परकर न घालता लुगडं नेसायची, चाळीस वर्षं त्याच जागी आवळून. नाडी रोज त्याच खाचेत घासते. उन्हाळ्यात घाम आणि धूळ साचते, कातडी काळी, पातळ होते, सोलते. कुणी लक्ष देत नाही, कारण ती जागा निऱ्यांखाली असते. हे अगदी नवंही नाही. मुंबईतले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलं होतं. काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना पोटामांडीवर होतो तो याच जातीचा. वर्षानुवर्षं न भरलेल्या भाजल्याच्या जुन्या व्रणावरही असाच उमटतो.

मामा : आता सांग, तुझ्या इथल्या डॉक्टरला परकराची नाडी माहीत आहे?

भाची : नाही. पण मला माहीत आहे. आणि मामा, मामींची कमर तुम्ही कधी पाहिलीत?

मी चहाचे कप उचलले. काही प्रश्नांच्या वेळी जावयानं खोलीत असू नये. पण स्वयंपाकघर उघडंच, त्यामुळे सगळं ऐकू आलं. बायकोनं लगेच वर्ध्याला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

भाची : मामी, कमरेला नाडीच्या जागी काळा पट्टा आहे?

मामी : (स्पीकरवर) आहे ना. सगळ्याच बायांना असतो. घामोळ्याच्या दिवसांत खाजतो, पावडर लावते.

भाची : जखम? ओलसर जागा, न भरणारी?

मामी : नाही वं. सोलून निघते उन्हाळ्यात, मग सुकते. काहून, काय झालं? मामा बरे आहेत ना?

भाची : बरे आहेत. नाडी बदला, मामी. रुंद पट्टी लावून घ्या परकराला, रोज थोडी वर-खाली बांधा, घरात असताना सैल. सोललेली जागा महिनाभरात भरली नाही तर सेवाग्रामला कातडीच्या डॉक्टरला दाखवा. खाज आहे म्हणून मलम घेऊन येऊ नका. नाडी सोडून दाखवा.

मामी : दाखवीन. पण त्यांना विचार, साऱ्या तालुक्याच्या पाठी पाहिल्या यांनी, माझी कंबर पाहायला ब्रिस्बेनला जावं लागलं का?

मामा यावर काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी वाटाघाटीला सुरुवात केली. इथली वेळ रद्द करायची, कारण डॉलरचा भाव पाहा. त्याबदली परत गेल्यावर दोघं मिळून सेवाग्रामला जातील, आणि तिथे ते स्वतः डॉक्टरला सांगतील की कपडे काढून, उजेडात, डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहा. बायकोनं अट घातली : आज तळपाय आणि नखं तिला दाखवायची, आणि पुढे दर दिवाळीला, उटणं लावताना, मामींनी त्यांची पाठ बघायची आणि त्यांनी मामींची. दरवर्षी डॉक्टरकडे जायची गरज नाही, हे तिनं मान्य केलं. एकदाही जायची गरज नाही, हे मामांनी सोडलं.

मग त्यांनी मोजे काढले आणि मला खिडकीचा पडदा सरकवायला सांगितलं. उजेड कडेनं यायला हवा होता.

भाची : टाचेला हे काय, मामा?

मामा : कुरूप आहे. लुनाच्या किकचं. पेन आण, टोचून पाहा. तिथं लागतं मला.